गर्भकालीन मद्यसंपर्क आणि बालकाचा मेंदू : एका विस्मृत ज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

९ जून १९७३ रोजी 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील सिएटल येथील चार संशोधकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. केनेथ लायन्स जोन्स, डेव्हिड स्मिथ, क्रिस्टी उलेलँड आणि ॲन स्ट्राइसगुथ ही त्या संशोधकांची नावे. दीर्घकाळ मद्यासक्त असलेल्या मातांच्या पोटी जन्मलेल्या आठ मुलांचे वर्णन त्यांनी या लेखात केले होते. मुले परस्परांच्या नात्यातील नव्हती, तीन भिन्न वंशगटांतील होती. तरीही त्यांच्या चेहऱ्यांत, शरीराच्या खुंटलेल्या वाढीत आणि बौद्धिक मागासलेपणात विलक्षण साम्य होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोन्स आणि स्मिथ यांनी या लक्षणसमूहाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. १९७३ मध्ये आधुनिक विज्ञानाने एक नवा आजार शोधून काढला, ही पहिली. गरोदरपणी दारू पिऊ नये हे मानवाला प्राचीन काळापासून ठाऊकच होते, विज्ञानाने त्यावर फक्त शिक्कामोर्तब केले, ही दुसरी. उपलब्ध पुराव्यांकडे काळजीपूर्वक पाहिले असता या दोन्ही पद्धती अपुऱ्या ठरतात. ही मुले प्रत्येक काळात दिसत होती, परंतु त्यांच्यात काय पाहायचे हे त्या त्या काळाला भेडसावणारा प्रश्न ठरवीत होता. एकदा हाती आलेले ज्ञान पुढच्या पिढीने टाकून दिले, असेही येथे घडले आहे. आणि ते का टाकले गेले, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

प्राचीन दाखल्यांचा मोह

या विषयावरील इंग्रजी ग्रंथांचे पहिले प्रकरण बहुधा बायबलपासून सुरू होते. जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात शमशोनाच्या मातेला देवदूत सांगतो की, तुला पुत्र होणार आहे, तेव्हा द्राक्षारस व मादक पेय वर्ज्य कर. यावरून प्राचीन हिब्रू समाजाला गर्भावर होणारा मद्याचा परिणाम माहीत होता, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु त्या कथेतील पुत्र 'नाजीर' म्हणजे देवाला वाहिलेला आहे, आणि द्राक्षारस न घेणे व केस न कापणे हे त्या व्रताचे नियम आहेत. मातेने व्रत पाळावयाचे ते पुत्राच्या पावित्र्यासाठी. केस न कापण्याच्या नियमातून जसा कोणी वैद्यकीय अर्थ काढत नाही, तसा मद्याच्या नियमातूनही काढता येत नाही.

ॲरिस्टॉटलच्या नावावर खपणाऱ्या वचनाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. मद्यपी स्त्रिया आपल्यासारखीच संतती जन्माला घालतात, या आशयाचे एक वचन रॉबर्ट बर्टन या इंग्रज लेखकाने १६२१ च्या आपल्या विषादविषयक ग्रंथात ॲरिस्टॉटलच्या नावावर घातले. पुढे अनेक अभ्यासकांनी मूळ ग्रंथ न उघडता ते उद्धृत केले. अर्नेस्ट एबल यांनी मूळ ग्रीक व रोमन साधने तपासून असा पुरावा तेथे नसल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. एका संशोधकाने दुसऱ्याचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा हवाला द्यावा आणि मुळाशी काहीच नसावे, हा अनुभव इतिहासाच्या अध्यापकांना अपरिचित नाही.

जिनचे लंडन

साधार पुरावा मिळू लागतो तो अठराव्या शतकातील लंडनमध्ये. स्वस्त धान्य, गाळपावरील सैल निर्बंध आणि शहरात लोटलेली गरीब वस्ती यांमुळे १७२० नंतर जिन हे लंडनच्या निर्धनांचे पेय झाले. १७२६ मध्ये लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने हाउस ऑफ कॉमन्सपुढे निवेदन सादर केले. जिनच्या प्रसारामुळे दुर्बल व रोगट मुले जन्माला येतात आणि ती देशाला आधार होण्याऐवजी भार होतात, अशी तक्रार त्यात होती. पुढे १७२९, १७३६, १७४३ आणि १७५१ असे एकामागून एक जिनविषयक कायदे झाले. १७५१ मध्येच हेन्री फील्डिंग या कादंबरीकार-न्यायाधीशाने, गर्भात आणि अंगावर जिनवरच पोसलेली ही अर्भके उद्या आपले खलाशी आणि सैनिक होणार काय, असा सवाल केला. त्याच वर्षीचे विल्यम होगार्थ यांचे 'जिन लेन' हे चित्र सर्वपरिचित आहे. नशेत हसणाऱ्या मातेच्या हातून कठड्यावरून निसटणारे मूल ही त्यातील मध्यवर्ती प्रतिमा होय.

चित्रातील त्या मुलाच्या चेहऱ्यात काही आधुनिक डॉक्टरांनी सिंड्रोमची लक्षणे शोधली आहेत. हा उत्साह आवरलेला बरा. होगार्थ यांचे चित्र प्रचारचित्र होते आणि त्यातील मूल आईच्या निष्काळजीपणाचा बळी आहे, गर्भावस्थेतील विषाचा नव्हे. कॉलेजच्या निवेदनामागेही राष्ट्राच्या मनुष्यबळाची चिंता होती. मजूर, शिपाई आणि खलाशी कमी पडतील ही भीती राज्यकर्त्यांना होती. मूल दुबळे का होते, तर बापाच्या बीजामुळे, आईच्या दुधामुळे, उपासमारीमुळे की गर्भातील मद्यामुळे, हा भेद करण्याची त्या काळाला गरज भासली नाही. १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या मद्यपानविषयक निवड समितीपुढे मद्यपी मातांच्या अर्भकांचे सुकलेले, अपुरे वाढलेले रूप सांगितले गेले, तेव्हाही हीच स्थिती होती. निरीक्षण अचूक होते, पण कारणाचा विचार झालेला नव्हता.

लिव्हरपूलच्या तुरुंगातील पाहणी

तो विचार प्रथम नीटपणे केला विल्यम सलिव्हन यांनी. ते लिव्हरपूलच्या तुरुंगात वैद्यकीय अधिकारी होते. दारूच्या नशेतील गुन्ह्यांसाठी पुन्हा पुन्हा तुरुंगात येणाऱ्या स्त्रिया हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. १८९९ मध्ये त्यांनी अशा १२० स्त्रियांच्या ६०० अपत्यांची माहिती प्रसिद्ध केली. या ६०० पैकी ३३५, म्हणजे ५५.८ टक्के अपत्ये मृतावस्थेत जन्मली किंवा दोन वर्षांच्या आत दगावली होती.

त्या काळच्या लिव्हरपूलच्या गलिच्छ वस्त्यांत बालमृत्यू कोठे नव्हते, असा आक्षेप येणार हे सलिव्हन यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी याच स्त्रियांच्या मद्यपान न करणाऱ्या बहिणी व इतर नातेवाईक स्त्रिया शोधल्या. अशा २८ स्त्रियांच्या १३८ अपत्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २३.९ टक्के भरले. रक्त तेच, गरिबीही बहुतांशी तीच, आणि मृत्यू मात्र निम्म्याहून कमी. नियंत्रित तुलनेची ही कल्पना तत्कालीन वैद्यकात किती विरळ होती हे लक्षात घेतले, तर एका तुरुंगाच्या डॉक्टरने तिचा उपयोग करावा याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

सलिव्हन यांची आणखी दोन निरीक्षणे महत्त्वाची आहेत. पहिल्या अपत्यांत मृत्यूचे प्रमाण ३३.७ टक्के होते, ते वाढत जाऊन सहाव्या ते दहाव्या अपत्यांत ७२ टक्क्यांवर गेले. आईचे व्यसन जसजसे जुने होत होते, तसतशी तिची मुले अधिक संख्येने मरत होती. दोष केवळ वंशातून आला असता तर तो पहिल्या व आठव्या अपत्यात सारखाच दिसावयास हवा होता. दुसरे निरीक्षण याहून बोलके आहे. काही स्त्रिया गर्भार असतानाच शिक्षा होऊन तुरुंगात आल्या आणि तेथे त्यांना दारू मिळाली नाही. अशा काहींना आधीची मुले गमावल्यानंतर जगणारे मूल झाले. तुरुंगाची भिंत ही येथे अनपेक्षितपणे प्रयोगशाळेची भिंत ठरली. मातेच्या रक्तातील विष थेट गर्भावर परिणाम करते, हा सलिव्हन यांचा निष्कर्ष आज जवळजवळ जसाच्या तसा मान्य आहे.

मग पुढची चौऱ्याहत्तर वर्षे काय झाले?

आनुवंशिकता, आकडेवारी आणि दारूबंदीची सावली

सलिव्हन लिहीत होते तो काळ ऱ्हासवादाचा होता. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ बेनेडिक्ट मोरेल यांनी १८५७ मध्ये मांडले होते की मद्यपानासारख्या व्यसनांचा दोष पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन अखेर वंशच खुंटतो. या मांडणीत बाप आणि आई दोघेही सारखेच बिघडलेल्या बीजाचे वाहक होते, आणि गर्भावस्थेच्या नऊ महिन्यांना वेगळे महत्त्व नव्हते. 'सुप्रजननशास्त्र' नावाची नवी विद्या याच विचारावर पोसली जात होती. सलिव्हन यांचे आकडे वाचले गेले ते 'मद्यपी घराणी' या सदराखाली. म्हणजे ज्या कल्पनेला त्यांनी धक्का दिला, तिच्याच पुष्ट्यर्थ त्यांचा उपयोग झाला.

यानंतरचा प्रहार उलट दिशेने आला. १९१० मध्ये लंडन विद्यापीठात एथेल एल्डरटन आणि संख्याशास्त्राचे आद्य प्रवर्तक कार्ल पिअर्सन यांनी एडिंबरो व मँचेस्टर येथील शाळकरी मुलांच्या माहितीवरून निष्कर्ष काढला की, आईबापांच्या मद्यपानाचा मुलांच्या बुद्धीशी वा शरीरयष्टीशी लक्षणीय संबंध दिसत नाही. मद्यनिषेधाच्या चळवळीत यामुळे खळबळ माजली. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल आणि जॉन मेनार्ड केन्स यांनी पिअर्सन यांच्यावर टीका केली. मेरी स्टर्ज व व्हिक्टर हॉर्स्ली या डॉक्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवले. आईबापांचे मद्यपान मुलाच्या जन्मापूर्वी सुरू झाले होते की नंतर, हे या पाहणीत पाहिलेलेच नव्हते. समकालीनांवर मात्र पिअर्सन यांच्या गणिताचा दबदबा राहिला.

निर्णायक ठरली ती अमेरिकेतील दारूबंदी. जानेवारी १९२० मध्ये ती अमलात आली आणि डिसेंबर १९३३ मध्ये उठली. तिच्या बाजूने लढणाऱ्या चळवळीने बिघडलेल्या मुलांची चित्रे पत्रकांतून व व्याख्यानांतून मुक्तहस्ते वापरली होती. शास्त्रीय निरीक्षणे, ऐकीव गोष्टी आणि धर्मोपदेश यांची त्यात सरमिसळ होती. बंदी फसल्यावर या सर्वच सामग्रीवर उपहासाचे सावट आले. नव्या पिढीच्या संशोधकांना आपण प्रचारक नाही हे सिद्ध करावयाचे होते. येल विद्यापीठातील हॉवर्ड हॅगार्ड व ई. एम. जेलिनेक यांनी १९४२ मध्ये, मद्यामुळे मानवी बीज वा आनुवंशिकता बिघडते याला ग्राह्य पुरावाच नाही असे ठासून सांगितले. बीजापुरते ते चूक नव्हते. परंतु बीजाबरोबर गर्भही त्यांनी निकालात काढला. मद्यपी घरातील मुले दुबळी दिसतात ती हलाखीमुळे आणि हेळसांडीमुळे, ही समजूत त्यानंतर पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ॲशली मॉन्टेग्यू यांच्यासारखे लोकप्रिय लेखक गर्भवतींना मद्याबाबत निश्चिंत राहण्यास सांगत होते.

एका चळवळीच्या अतिशयोक्तीची प्रतिक्रिया म्हणून शास्त्राने खरी निरीक्षणेही फेटाळावीत, असे येथे झाले. याची किंमत किती मुलांनी मोजली याचा हिशोब मांडता येण्यासारखा नाही. परंतु एका उपचाराची नोंद आवश्यक आहे. न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ फ्रिट्झ फुक्स यांनी १९६० च्या दशकात अकाली प्रसूती थोपवण्यासाठी गर्भवतीच्या शिरेतून मद्यार्काचे द्रावण देण्याची पद्धत रूढ केली. १९६७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अनेक रुग्णालयांनी ती स्वीकारली. मद्यार्कामुळे गर्भाशयाचे आकुंचन मंदावते, हे खरेच आहे. स्त्रिया प्रसूतिगृहाच्या खाटेवर शुद्ध वैद्यकीय हेतूने मद्यधुंद केल्या जात होत्या, आणि गर्भाचे काय हा प्रश्न विचारण्याची आवश्यकता कोणास वाटत नव्हती. वार विषारी द्रव्ये अडवते हा विश्वास तेव्हा दृढ होता. थॅलिडोमाइड या औषधाने १९६१ मध्ये त्या विश्वासाला तडा दिला होता. तथापि मद्य हे औषध नव्हे, पेय, आणि पेयाकडे त्या संशयाने पाहिले गेले नाही.

नॅन्ट आणि सिएटल

फ्रान्समध्ये वातावरण वेगळे होते. तेथे दारूबंदीचा लज्जास्पद इतिहास नव्हता आणि मद्यासक्ती हा सार्वजनिक आरोग्याचा उघड प्रश्न होता. १९५७ मध्ये जॅकलिन रूकेत यांनी पॅरिसमध्ये मद्यपी आईबापांच्या मुलांवर वैद्यकीय प्रबंध लिहिला होता. नॅन्ट येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लेमॉइन यांनी सहकाऱ्यांसह १९६८ मध्ये अशा १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले एकमेकांसारखी इतकी दिसत की, मुलाकडे पाहून आईच्या व्यसनाचे निदान करता यावे, असे त्यांचे मत होते. हा लेख फ्रेंचमध्ये आणि एका प्रादेशिक वैद्यकीय पत्रिकेत आला. इंग्रजी जगाने तो वाचला नाही. ज्ञान कोणत्या भाषेत आणि कोणत्या पत्रिकेत प्रसिद्ध होते यावर त्याचे भवितव्य किती अवलंबून असते, हे महाविद्यालयीन नियतकालिकांच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

सिएटलमध्ये सुरुवात झाली ती क्रिस्टी उलेलँड या तरुण डॉक्टरपासून. पोषण देऊनही काही अर्भकांचे वजन वाढत नव्हते. उलेलँड यांच्या लक्षात आले की अशा अनेकांच्या माता मद्यासक्त आहेत आणि ही मुले जन्मतःच लहान होती. म्हणजे कारण घरातल्या हेळसांडीआधीचे होते. त्यांनी ही मुले जोन्स व स्मिथ यांना दाखवली. स्मिथ हे जन्मजात विकृतींचे जाणकार होते. एकत्र जमवलेल्या मुलांपैकी चौघांचे चेहरे परस्परांशी जुळतात, हे त्यांनी ओळखले. डोळ्यांच्या आखूड फटी, नाकाखालची सपाट झालेली खाच, पातळ वरचा ओठ, लहान डोके. पुढे आणखी मुलांची भर पडून संख्या आठ झाली. स्ट्राइसगुथ या मानसशास्त्रज्ञांनी मुलांची बौद्धिक चाचणी केली. लेमॉइन यांचे काम त्यांना नंतर कळले.

उलेलँड, जोन्स व स्मिथ यांच्या हाती जे लागले ते सलिव्हन यांच्या हाती नव्हते. सलिव्हन यांच्यापाशी संख्या होत्या, आणि संख्येवर वाद घालता येतो. जोन्स व स्मिथ यांनी वैद्यकविश्वाला चेहरा दाखवला.

चेहऱ्यामागचा मेंदू

चेहऱ्यामुळे आजाराला मान्यता मिळाली, परंतु त्याच चेहऱ्याने पुढील वीस-पंचवीस वर्षे एक मोठा गैरसमजही पोसला. ज्याचा चेहरा तसा नाही त्याला काही झालेले नाही, असे मानले जाऊ लागले. यातील शास्त्रीय गफलत समजण्यासाठी गर्भाच्या वाढीचा क्रम पाहावा लागतो.

मद्यार्काचा रेणू लहान असतो. तो वारेतून सहज पार होतो आणि थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या रक्ताइतके होते. गर्भाचे यकृत अपरिपक्व असल्याने त्याला तो पचवता येत नाही. तो बाहेर पडण्यासाठी आईच्या शरीरावरच अवलंबून राहावे लागते. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, मानवी गर्भाच्या तिसऱ्या आठवड्याशी समकक्ष अशा अवस्थेत अल्पकाळ मोठी मात्रा दिली, तर पिलांचे चेहरे सिंड्रोमच्या मुलांसारखे होतात. तिसरा आठवडा म्हणजे बहुतेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत हे कळण्यापूर्वीचा काळ. चेहऱ्याची ती विशिष्ट ठेवण अशा एका अरुंद कालखंडात ठरते. मेंदू मात्र सर्व नऊ महिने घडत असतो. आधी पेशींची संख्या वाढते, मग त्या आपापल्या जागी स्थलांतर करतात, नंतर परस्परांशी जोडण्या करतात. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर मद्य पोहोचले तर त्या टप्प्याचे काम बिघडते, आणि चेहऱ्यावर त्याची खूण उमटेलच असे नाही.

या बिघाडाची पहिली साक्ष शवविच्छेदनाने दिली. सिएटलमध्ये दगावलेल्या अर्भकांच्या मेंदूंत चेतापेशी भलत्याच ठिकाणी जाऊन थांबलेल्या आढळल्या. स्टर्लिंग क्लॅरेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये असे मेंदू तपशिलाने वर्णिले. पुढे चुंबकीय प्रतिमाचित्रणाने जिवंत मुलांचे मेंदू पाहता येऊ लागले. दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा तंतुपट्टा काही मुलांत पातळ, काहींत पूर्णपणे अभावानेच आढळला. तोल व समन्वय साधणारा लहान मेंदू अपुरा आढळला. २००० मध्ये क्रिसान्थी इकोनोमिडू, जॉन ऑल्नी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या नवजात पिलांवर प्रयोग करून दाखवले की, काही तास मद्याच्या अमलाखाली राहिल्याने विकसनशील मेंदूतील असंख्य चेतापेशी स्वतःला संपवतात. पिलांची ती अवस्था मानवी गर्भाच्या अखेरच्या महिन्यांशी जुळते. शेवटच्या तिमाहीत धोका टळतो, या समजुतीला यामुळे आधार उरला नाही.

या सर्वांचा मुलाच्या जीवनात अर्थ काय होतो, हे स्ट्राइसगुथ यांनी आयुष्यभर शोधले. १९७४ मध्ये सुरू झालेल्या सिएटलच्या पाहणीत त्यांनी सुमारे ५०० मुलांचा जन्मापासून तारुण्यापर्यंत माग ठेवला. या मुलांच्या माता बहुतांशी सामाजिक रिवाजापुरते पिणाऱ्या सामान्य स्त्रिया होत्या, व्यसनी नव्हेत. तरीही मद्यसंपर्क आणि मुलांचे अवधान, स्मरण व विशेषतः अंकगणित यांत संबंध दिसून आला. अंकगणितच का, याचे उत्तर मेंदूच्या कामात आहे. हातच्याची संख्या मनात धरून पुढची पायरी करणे हे कार्यकारी स्मृतीचे काम असते आणि तीच येथे लंगडी पडते. अशी मुले बोलकी असतात, वाचतातही. पण काल शिकलेले आज हरवते, पैशाचा व वेळेचा अंदाज येत नाही, एका चुकीच्या परिणामातून दुसऱ्या वेळी धडा घेता येत नाही. वर्गात अशा मुलाला आळशी, हट्टी किंवा खोटारडे ठरवणे अत्यंत सोपे असते.

१९९६ मध्ये स्ट्राइसगुथ यांनी ४१५ व्यक्तींच्या पाहणीचा अहवाल दिला. चेहऱ्यासह पूर्ण सिंड्रोम असलेल्यांचा सरासरी बुद्ध्यांक ७९ होता आणि चेहरा सामान्य पण मद्यसंपर्काचे परिणाम असलेल्यांचा ९०. हे आकडे दिलासा देणारे वाटतात. व्यवहारात तेच घातक ठरले. विशेष शिक्षणाची व साहाय्याची दारे बुद्ध्यांक ७० च्या खाली असेल तरच उघडत असत. बहुसंख्य मुले त्या रेषेच्या वर होती, म्हणून ती मदतीबाहेर राहिली. किशोर व प्रौढ वयातील सुमारे ६० टक्के व्यक्तींचे शिक्षण खंडित झाले होते आणि तितक्याच प्रमाणात त्या कायद्याच्या कचाट्यात सापडल्या होत्या. ज्यांचे निदान सहा वर्षांपूर्वी झाले आणि ज्यांना स्थिर घर मिळाले, त्यांची स्थिती मात्र पुष्कळ चांगली होती. मेंदूची हानी भरून येत नसली, तरी तिच्यापुढचे सर्व अटळ नसते, हे या अहवालाचे विशेष मूल्य आहे.

याच सुमारास युरोपातून पूरक पुरावा आला. लेमॉइन यांनी आपल्या जुन्या रुग्णांपैकी १०५ जणांना प्रौढपणी पुन्हा शोधून काढले आणि १९९२ मध्ये त्यांचे वृत्त दिले. बर्लिनमध्ये हान्स-लुडविग श्पोर यांनी ६० मुलांचा दहा वर्षे पाठपुरावा करून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. दोन्हींचे तात्पर्य एकच होते. वय वाढते तसा चेहरा पुसट होत जातो, मेंदूची उणीव तशीच राहते. म्हणजे निदानाची एकमेव खूण सर्वांत आधी नाहीशी होते. १९९६ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने चेहऱ्याविना असणाऱ्या मेंदूविकारासाठी स्वतंत्र वर्ग केला आणि २००४ मध्ये या सर्व अवस्थांना सामावणारी 'फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर' ही संज्ञा रूढ करण्यात आली. फिलिप मे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चार समुदायांतील पहिलीच्या मुलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. तीत हजारी ११.३ ते ५० मुलांमध्ये हा विकार आढळला. आढळलेल्या २२२ मुलांपैकी केवळ दोघांचे निदान पूर्वी झालेले होते.

आरोपीच्या पिंजऱ्यातील माता

निदान न होण्याचे दुसरे कारण वैद्यकाबाहेर आहे. या विकाराचे निदान म्हणजे मातेवर ठेवलेला ठपका, असे समीकरण सुरुवातीपासून राहिले. १९८९ मध्ये मायकेल डॉरिस यांचे 'द ब्रोकन कॉर्ड' हे पुस्तक गाजले. दत्तक घेतलेल्या मूळनिवासी अमेरिकन मुलाचे हे हृदयद्रावक वृत्त होते. त्याने लाखो वाचकांपर्यंत विषय नेला, हे निर्विवाद. परंतु मद्यपान न थांबवणाऱ्या गर्भवतींना अडकवून ठेवावे काय, हा विचारही त्यातून पुढे आला, आणि हा विकार म्हणजे मूळनिवासींचा प्रश्न अशी प्रतिमा तयार झाली. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन व साउथ डकोटा या राज्यांनी गर्भवतींना ताब्यात ठेवण्याची तरतूद करणारे कायदे केले. अशा कायद्यांच्या छायेत कोणती स्त्री डॉक्टरला आपल्या पिण्याविषयी खरे सांगेल?

मद्य कोण पाजतो, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच विचारला गेला. दक्षिण आफ्रिकेतील वेस्टर्न केप प्रांताचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. तेथील द्राक्षमळ्यांवर गुलामगिरीच्या काळापासून मजुरांना मजुरीचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपाने देण्याची चाल होती. तिला 'डॉप' म्हणत. कायद्याने तिला मनाई झाली, तरी पिढ्यान्‌पिढ्या लावलेली सवय मागे उरली. फिलिप मे आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या प्रांतातील एका समुदायाची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा शाळेच्या पहिल्या इयत्तेच्या वयातील मुलांत हजारी ४०.५ ते ४६.४ इतके फीटल अल्कोहोल सिंड्रोमचे प्रमाण आढळले. जगात तोवर नोंदले गेलेले ते सर्वाधिक प्रमाण होते. त्या मातांच्या हाती पेला कोणी दिला, याचे उत्तर मळेमालकांच्या हिशेबवह्यांत सापडते.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न २०१४ मध्ये न्यायालयापुढे आला. वायव्य इंग्लंडमधील, म्हणजे सलिव्हन यांचे लिव्हरपूल ज्या भागात आहे त्याच भागातील, एका स्थानिक प्राधिकरणाने गर्भकालीन मद्यसंपर्काने अपंग झालेल्या मुलीसाठी गुन्ह्यातील बळींना मिळणारी भरपाई मागितली. त्यासाठी मातेने गुन्हा केला होता असे ठरणे आवश्यक होते. अपील न्यायालयाने ते नाकारले. गर्भ हा कायद्याच्या अर्थाने 'अन्य व्यक्ती' नाही, असा निर्णय दिला. गर्भवतींचे मद्यपान गुन्हा ठरण्याचा मार्ग त्याने बंद झाला. त्या मुलीला भरपाई मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

राज्यसंस्थांनी शेवटी सोपा उपाय निवडला तो बाटलीवरील इशाऱ्याचा. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यान्वये नोव्हेंबर १९८९ पासून, फ्रान्समध्ये २००७ पासून आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये २०२३ पासून गर्भवतींसाठी इशारा अथवा चिन्ह बंधनकारक झाले. ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, गरोदरपणी थोडे मद्य चालेल ही आपली पूर्वीची शिफारस मागे घेऊन, २०१६ मध्ये पूर्ण वर्ज्य करण्याचा सल्ला दिला. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मद्याच्या बाटलीवरील मजकूर ठरवून दिला. मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे आणि मद्यपान करून वाहन चालवू नये, एवढेच त्यात होते. गर्भवतींचा उल्लेख त्यात नव्हता.